चानियातला च

क्रीट बेटावर चानिया नावाचं बंदराचं जुनं गाव आहे. मी तिथे कधीही गेलेले नाही. तरी गॉलवेमध्ये दोन माणसांना मी त्या गावाच्या गल्ल्या सांगितल्या आहेत, आणि त्यातल्या एकीने माझ्या शब्दावर विसंबून रोज चालायचा सराव सुरू केला होता.

जायचं मात्र खरंच ठरलं होतं. दोन हजार पाच साल असेल. मी गॉलवेला वैद्यकीय उपकरणं बनवणाऱ्या एका कंपनीत कागदपत्रांच्या विभागात होते. माझ्याबरोबर फ्लॅटमध्ये नागपूरची एक मुलगी राहायची. ती सॉफ्टवेअरमध्ये होती आणि माझ्यापेक्षा दुप्पट बोलायची. मेच्या शेवटच्या आठवड्यात स्वस्त विमान मिळत होतं. आम्ही दोघींनी रजा टाकली. व्हिसाच्या अर्जाबरोबर रोज कुठे जाणार, काय पाहणार याचा तक्ता द्यायचा होता, आणि तक्ते करणं हे माझं रोजचंच काम होतं. लायब्ररीतून एक मार्गदर्शक पुस्तक आणून मी आठ दिवसांचा तासागणिक तक्ता केला.

मैत्रिणीने तो वाचला. "दुपारी दोन ते तीन, समुद्राकडे पाहणे? हे काय लिहून राहिली तू? व्हिसावाले हसतील नं."

"मध्ये एक तास रिकामा राहत होता."

"मग जेवण लिही. आपण जेवणार नाही काय तिथे?"

खरंच, मी जेवण कुठेच लिहिलं नव्हतं.

चूक मात्र जेवणाची नव्हती. आमच्या पासपोर्टवर आयर्लंडमधून बाहेर जाऊन परत यायचं, तर परत येण्याचाही वेगळा व्हिसा लागायचा. तो आधी घ्यायचा आणि मग ग्रीसचा मागायचा. मी उलटं धरून चालले होते. बाहेर जायचंच ठरलं नाही, तर परत येण्याची परवानगी कशी मागणार, असा माझा साधा विचार. डब्लिनला खिडकीवरच्या बाईंनी कागद पाहिले, तक्ता छान झालाय म्हणाल्या आणि परत येण्याचा व्हिसा कुठे आहे ते विचारलं. त्यासाठी पासपोर्ट पोस्टाने पाठवावे लागतात. पासपोर्ट घरी आले तेव्हा आमचं विमान जाऊन तीन दिवस झाले होते.

मैत्रिणीने ऑफिसात फोन करून रजा रद्द केली आणि सगळ्यांना हसत हसत काय झालं ते सांगून टाकलं. मला ते जमलं नाही. जी मुलगी दिवसभर दुसऱ्यांच्या कागदांतल्या चुका काढते, तिने स्वतःचे कागद चुकवले, हे माझ्या विभागात मला सांगायचं नव्हतं. मी आठवडाभर घरी बसले. खिडकीत वाचलं, कपाटं लावली. त्या आठवड्यात गॉलवेला चांगलं ऊन पडलं होतं.

सोमवारी शेजारच्या टेबलावरची बाई माझ्याकडे वळली. पन्नाशीची, मोठ्या आवाजाची, मनाने चांगली. पहिल्या महिन्यात तिने मला 'ती फाइल प्रेसमध्ये आहे' असं सांगितलं होतं आणि मी छपाईची खोली शोधत मजलाभर फिरले होते. तिकडे प्रेस म्हणजे कपाट.

"ऊन चांगलं लागलंय तुला," ती म्हणाली. माझा रंग होता तोच होता. "मग, कसं होतं?"

मी म्हणाले, "ग्रँड."

हा शब्द मी तिथेच शिकले होते. म्हणजे शाळेत शिकले होते तो वेगळा. आमच्या कॉन्व्हेंटमध्ये ग्रँड असायचे ते राजवाडे आणि पियानो. इथे चहा ग्रँड, हवा ग्रँड, मोडलेला हात ग्रँड. बरं चाललंय, पुढे विचारू नका, एवढाच त्याचा अर्थ, असं मी धरलं होतं. न बोलणाऱ्या माणसाला असा शब्द सापडला की तो सोडवत नाही. इतर दिवशी तो पुरायचा. त्या दिवशी नाही पुरला.

"तर मग ऐक," ती खुर्ची सरकवून जवळ आली. "माझी आई सप्टेंबरात अठ्ठ्याहत्तरची होते. तिला मी तिथेच नेणार आहे. सगळी चूक तुझी आहे."

चूक माझी अशी की दोन महिने माझ्या टेबलाच्या फळीवर चानियाच्या बंदराचं एक चित्र टाचलेलं होतं. रोज ते पाहून तिने प्रवास कंपनीचं माहितीपत्रक घरी नेलं. आईच्या खुब्याचं ऑपरेशन हिवाळ्यात झालेलं. तेव्हापासून ती खिडकीशी बसून होती आणि कशातच मन घालत नव्हती. चित्रातलं दीपगृह पाहून ती म्हणाली, मी तिथवर चालत जाईन. त्या दिवसापासून ती काठी घेऊन घराबाहेर पडायला लागली.

"डॉक्टर म्हणतात सपाट रस्त्यावर कितीही चालू दे. खाचखळगे नकोत. पुन्हा पडली तर संपलं. आमचं असं ठरलंय की तू सपाट म्हणालीस तर चालायचं, नाहीतर नाही. सपाट आहे ना?"

पुस्तकात लिहिलं होतं, 'धक्क्यावरून दीपगृहापर्यंतचा फेरफटका आनंददायी आहे.'

"ग्रँड आहे," मी म्हणाले.

हे खोटं मी ठरवून बोलले नाही. पहिल्या खोट्यावर ते आपोआप बसलं. घरी मैत्रिणीला सांगितलं तर ती म्हणाली, "बाप्पा. आता फोटो मागतील." फोटो कुणी मागितले नाहीत. त्याऐवजी मला रविवारी बोलावलं.

त्या मायलेकी सॉल्टहिलला राहायच्या, समुद्राकाठी. तिथे किनाऱ्याने लांब फरसबंदी रस्ता आहे, त्याला सगळे प्रॉम म्हणतात. सगळं गाव तिथे चालतं आणि टोकाला भिंत लागली की तिला पायाने हलकीशी लाथ मारून परत फिरतं. का, ते कुणी सांगत नाही. न मारता परतलं तर मात्र चालणं धरत नाहीत. आईने रोज त्या भिंतीपर्यंत जायचं आणि रविवारी मी सोबत जाऊन त्यांना चानिया सांगायचं, असं मुलीने ठरवून टाकलं. रविवारी तिला तेवढीच दोन तास झोप मिळायची.

मी त्यांना मनात आजी म्हणत असे. तोंडाने काहीच म्हणत नसे, कारण पहिल्याच दिवशी त्यांनी मला नावाने हाक मार म्हणून सांगितलं आणि अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या बाईला नावाने हाक मारणं मला जमण्यातलं नव्हतं. इंग्रजीत माणसाला काहीही न म्हणता बरंच बोलता येतं. मी तसं बोलायचे.

आजी कॉनेमाराच्या. शाळेत जाईपर्यंत त्यांना इंग्रजी येत नव्हतं, घरात सगळे आयरिश बोलायचे. उंच, हाडापेराने मोठ्या, आणि बोलताना समोर पाहणाऱ्या. "सुरू कर," त्या म्हणायच्या.

मी सुरू करायचे. पहिल्या बाकापाशी किल्ला. लालसर भिंती, आत जहाजांच्या प्रतिकृतींचं संग्रहालय. किल्ल्यापाशी उभं राहिलं की दीपगृह पाण्यापलीकडे अगदी समोर दिसतं, हाक मारली तर ऐकू जाईल इतकं. पण तिथून वाट नाही. सगळ्या बंदराला वळसा घालून पलीकडच्या टोकाला जायचं आणि मग लाटा अडवायच्या दगडी बांधावरून तेवढंच उलट यायचं.

"म्हणजे समोर दिसतं आणि दीड मैल चालायला लावतं," आजी म्हणाल्या. "मला आवडलं."

दुसऱ्या बाकापाशी घुमटांची मशीद, जिच्यात आता नमाज होत नाही. मग गलबतं दुरुस्त करायच्या दगडी कमानी. मग आत वळलं की चामड्याच्या वस्तूंची गल्ली, आणि क्रूसाच्या आकाराचा झाकलेला बाजार. एका चर्चला एका बाजूला घंटेचा मनोरा आणि दुसऱ्या बाजूला मिनार. सकाळी खारट चीज भरलेला, वरून साखर पेरलेला पापुद्र्याचा पदार्थ मिळतो, तो गरमच खायचा. एका गल्लीत सुऱ्या बनवतात आणि पात्यावर दोन ओळींचं कवन कोरतात.

"कसलं कवन?"

पुस्तकात नव्हतं. "प्रेमाचं," मी म्हणाले.

"सुरीवर?" त्या थोडं चालल्या. "बरोबर आहे. माझ्या नवऱ्याला एखादी द्यायला हवी होती."

एकच गोष्ट मला खटकायची. आजी गावाचं नाव चुकीचं घ्यायच्या. चानियाला खानिया म्हणायच्या, आणि तोही घशात माशाचा काटा अडकल्यासारखा खरवडलेला ख. आयरिशमध्ये सी-एच असाच घशातून म्हणतात हे मला ठाऊक होतं, म्हणून मी ते त्यांच्या बोलीवर घातलं. आमच्या शाळेत उच्चारांचा वेगळा तास असायचा. बाईंनी फळ्यावर लिहिलेला शब्द सगळ्यांत आधी नीट म्हणणाऱ्या ज्या दोन-तीन मुली असायच्या, त्यांत मी. तोंड उघडायचं धैर्य मला फक्त त्या तासाला व्हायचं. आजींना चूक दाखवणं बरं दिसलं नसतं, म्हणून माझ्या वाक्यात नाव आलं की मी च जरा ठळक म्हणायचे. चानियाला सकाळी. चानियाच्या बाजारात. त्या माझ्याकडे एकदा पाहायच्या आणि पुढच्या वाक्यात खानिया म्हणायच्या.

जुलै संपेपर्यंत त्या भिंतीपर्यंत न थांबता जायला लागल्या होत्या. लाथ मारायला नवा खुबा वापरायच्या. मुलीने ऑफिसात मला चॉकलेटचा डबा दिला. "आई पुन्हा माणसात आली," ती म्हणाली. तो डबा मैत्रिणीने संपवला.

ऑगस्टमध्ये मी लायब्ररीत पुस्तकाची मुदत वाढवायला गेले, तर फळीवर त्याच बेटाचं दुसरं पुस्तक होतं. उभ्यानेच चाळलं. चानियाच्या बांधावर त्यात एकच परिच्छेद होता. बांधाला कठडा नाही. दगड जागोजागी उचकटलेले आहेत आणि वारा असला की लाटांच्या पाण्याने निसरडे होतात. ज्यांच्या पायांत जोर नाही त्यांनी जाऊ नये.

मी तो परिच्छेद तीनदा वाचला. मग दोन्ही पुस्तकं घरी आणली. एक पुस्तक आनंददायी म्हणत होतं आणि दुसरं जाऊ नये म्हणत होतं. जो तिथे गेलाय त्याला कोणतं खरं ते सांगता आलं असतं.

त्या रविवारी मी सांगायचं ठरवूनच गेले. कसं सांगायचं तेही ठरवलं होतं: मैत्रीण तिथे घसरली होती, मी विसरलेच होते. चौथ्या बाकापाशी आजी बसल्या. तिथे त्या कधी बसत नसत.

"एक सांग," त्या म्हणाल्या. "मी लघवी होण्याच्या गोळ्या घेते. कमानींपासून बांधापर्यंत टॉयलेट कुठे लागतं?"

मी समुद्राकडे पाहिलं. दोन्ही पुस्तकांत ते नव्हतं.

"तू तिथे गेलेली नाहीस," आजी म्हणाल्या.

"नाही."

त्या रागावल्या नाहीत. हात काठीवर ठेवून सावकाश सांगत गेल्या. "प्रवास कंपनीतली मुलगी फोनवर खानिया म्हणाली. दोन उन्हाळे तिथे काम केलंय तिने. मला बरं वाटलं, माझंच बरोबर निघालं. मग मनात आलं, ही पोरगी आठवडाभर तिथे राहून चानिया कशी म्हणते? विमानतळावर, बसमध्ये, दुकानात, कुणीच नाव घेतलं नाही? मग म्हटलं, लाजरी आहे, कुणाशी बोलली नसेल. म्हणून टॉयलेटचं विचारलं. ते लाजऱ्या माणसालाही विचारावं लागतं."

व्हिसाचं सगळं मी त्यांना सांगितलं. उलटं कसं धरलं होतं, तेही. त्या हसल्या, फार नाही. मग मी दुसऱ्या पुस्तकातला परिच्छेद सांगितला. कठडा नाही, दगड निसरडे आहेत. त्यांचं हसू गेलं.

"माझ्या मुलीला सांगू नकोस."

"पण तुम्ही पडलात तर?"

"तर पडले. तिला सांगितलंस तर ती मला हॉटेलच्या बागेत बसवेल, मांडीवर शाल टाकून. आठ महिने सगळे मला बसवतायत. तू खोटं बोललीस म्हणून मी उठले. आता खरं बोलून मला खाली बसवू नकोस."

त्या उठल्या, भिंतीपर्यंत गेल्या, लाथ मारली.

घरी मैत्रीण पोळ्या लाटत होती. मी सगळं सांगितलं.

"मग, सांगशील नं मुलीला?"

"आजींनी नको म्हटलंय."

"आजी पडल्या तर त्यांच्या पोरीला काय सांगशील? त्यांनीच पडायची परवानगी दिली होती म्हणून?"

"त्यांना कळतं सगळं. लहान आहेत का त्या?"

"त्यांना कळतं गं. तुला काय कळून राहिलं? तू तर गेलीच नाही तिथे." तिने पोळी तव्यावर टाकली. "हे बघ, त्यांना जायचं तर जाऊ दे. पण त्या पोरीचं ठरलंय तुझ्या शब्दावर. तुझा शब्द काढून घे. मग त्या दोघी पाहून घेतील."

ती सहसा गमतीत बोलायची, त्यामुळे हे लक्षात राहिलं.

सोमवारी सकाळी आजींची मुलगी फाइलींच्या कपाटाशी उभी होती. खोलीत आणखी कुणी नव्हतं. मी जाऊन म्हणाले, की मी चानियाला गेले नव्हते. मग त्याच दमात दगडांचं सांगितलं, कारण थांबले असते तर सांगितलं नसतं.

"कधीच नाही?"

"नाही."

"मग त्या आठवड्यात कुठे होतीस?"

"घरी."

ती हातातली फाइल धरून उभी राहिली. मी ओरडण्याची वाट पाहत होते. ती म्हणाली, "एकटीच? आठवडाभर? मला सांगायचंस. मी तुला जेवायला बोलावलं असतं."

मी सॉरी म्हणाले. ती म्हणाली, "यू आर ग्रँड," आणि फाइल कपाटात ठेवून टेबलाशी गेली. ती रागावली होती की नाही, ते त्या शब्दावरून कळायला मार्ग नव्हता. पुढचे दोन आठवडे चहाला जाताना तिने मला विचारलं नाही. त्यावरून कळलं.

पुढच्या रविवारी मी प्रॉमवर गेले नाही. मला कुणी बोलावलंही नाही.

सप्टेंबरात त्या दोघी जाऊन आल्या. जुन्या गावातलं हॉटेल बदलून मुलीने गावाबाहेर सपाटीवर लिफ्ट असलेलं घेतलं होतं. कँटीनमध्ये ती स्वतःहून माझ्यासमोर येऊन बसली आणि कामाचा अहवाल द्यावा तसं सांगून गेली: पहिल्याच सकाळी बांधाच्या तोंडाशी गेलो. आईला तिथे बसवलं आणि मी एकटी शंभर पावलं जाऊन आले. दगड खरंच वाईट आहेत. परत येऊन नाही म्हणून सांगितलं. आई तासभर तिथेच बसून राहिली, माझ्याशी संध्याकाळपर्यंत बोलली नाही. बाकी सुट्टी चांगली झाली, रोज मासे खाल्ले. एवढं सांगून तिने ट्रे उचलला. जाताना म्हणाली, "चहाला येतेस?"

आजी मला ऑक्टोबरात शहरातल्या बस थांब्यावर भेटल्या. पाऊस नव्हता, वारा होता. त्यांच्या हातात काठी नव्हती, खरेदीची पिशवी होती. मी बाजूला उभी राहिले. आधी बोलावं की नाही, ते ठरत नव्हतं.

"तुझ्याहून बुटकी एक जर्मन बाई होती," आजी रस्त्याकडे पाहत म्हणाल्या. "वयाने माझ्याहून मोठी. दोन काठ्या घेऊन बांधावरून गेली आणि परत आली. मी तिला विचारलं कसं होतं. ती म्हणाली वारा होता."



"तू बरोबर केलंस," त्या म्हणाल्या. "केलं नसतंस तर मला जास्त आवडलं असतं."

"सॉरी."

"सॉरी कशाला? मी दोन्ही सांगितलं, कारण दोन्ही खरं आहे."

लांबून बस येताना दिसली. स्वतःहून काही विचारायची सवय मला नव्हती, अजूनही फारशी नाही. त्या दिवशी विचारलं. "रविवारी येऊ का?"

"आता शेजारची येते माझ्याबरोबर. फार बोलते." त्यांनी पिशवी दुसऱ्या हातात घेतली. बस येऊन थांबली, दार उघडलं. "साडेअकराला ती चर्चमध्ये मासला जाते. तेव्हा ये."

मी आधार द्यायला हात पुढे केला. त्यांनी दारातली दांडी धरली, चांगला पाय आधी वर टाकला, मग दुसरा ओढून घेतला, आणि ड्रायव्हरला पास दाखवून मागच्या सीटकडे गेल्या.